पडदा पडेस्तोवर

बशीर सर वारले तो मंगळवार होता. घरी बुटाची नाडी बांधायला ते खाली वाकले आणि उठले नाहीत. शाळेत तिसरा तास चालू होता. मी फळ्यावर समासाचा विग्रह लिहीत होतो. शिपाई दारात आला आणि त्यानं सांगितलं. गॅदरिंगला तेवीस दिवस होते.

संपादकांनी मला शाळेतल्या नाटकांवर काहीतरी गमतीदार लिहायला सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत. पण प्रत्येक गमतीत हा माणूस कुठेतरी उभा आहे, आणि त्याला वगळून लिहायला बसलो की कागद कोरा राहतो. दोन महिने तो तसाच राहिला. म्हणून आधी हे सांगून टाकलं.

मी मराठी शिकवायचो, ते चित्रकला. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या काठी आमचं हायस्कूल. मी तिथं रुजू झालो तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीचे होतो. तेव्हापासून पंधरा वर्षं आम्ही दोघांनी दरवर्षी एक नाटक बसवलं. मी लिहायचो, पाठ करून घ्यायचो आणि मुलांचे उच्चार घासायचो. 'व्हय' नाही, 'होय'. 'न्हाई' नाही, 'नाही'. 'पानी' नाही, 'पाणी'. बाकीचं सगळं बशीर सर करायचे. बाकीचं म्हणजे तलवारी, मुकुट, रंगरंगोटी, शेळीच्या केसांच्या मिशा, त्या चिकटवायचा डिंक, आणि मिशी घामानं सुटून पडली की ती उचलून आणणं.

शहरातल्या वाचकांना आमच्या नाटकाची थोडी कल्पना द्यायला हवी. आमचं नाटक दुपारी तीनला, लख्ख उन्हात. संध्याकाळी वीज गेली की कधी येईल ते कुणी सांगू शकत नसे. रंगमंच म्हणजे झेंड्याच्या खांबामागचा दगडी कट्टा. वरून दोन माइक टांगलेले. त्यामुळे आमचं कुठलंही पात्र, राजा असो की भिकारी, बोलायची वेळ आली की चालत माइकखाली जायचं, मान वर करून बोलायचं आणि परत आपल्या जागेवर येऊन उभं राहायचं. कित्येक वर्षांनी भेटलेले मायलेकसुद्धा एकमेकांकडे न बघता आभाळाकडे बघून गहिवरायचे. प्रेक्षकांना त्यात काही चुकीचं वाटायचं नाही.

आणि पडदा. तो बशीर सरांचा जीव होता. जाड मांजरपाट आणून त्यांनी तो स्वतः शिवला आणि रंगवला. मधोमध धरण, दरवाजे उघडलेले, पाणी फेसाळलेलं, आणि धरणाच्या भिंतीवर चक्क एक राजवाडा. "ऐतिहासिक नाटक असलं तं लोक वाडा बघतील, सामाजिक असलं तं धरण," असा त्यांचा हिशेब. पडद्याच्या खालच्या कडेला बांबू ओवलेला. पडदा वर गुंडाळून ठेवायचा, दोरी विहिरीच्या जुन्या कप्पीवरून घेऊन कट्ट्याशेजारच्या कडुनिंबाच्या खोडाला बांधायची. गाठ त्यांची खास होती. एक टोक ओढलं की ती सुटायची आणि पडदा धाडकन खाली यायचा. आमची खूण ठरलेली होती. मी विंगेत उभा राहून चष्मा काढला की त्यांनी टोक ओढायचं.

या पडद्यावरच बशीर सरांची एक हौस अडकलेली होती. शहरातल्या नाटकात कुणी मेलं की दिवे घालवतात आणि मेलेला माणूस अंधारात उठून चहा प्यायला जातो. आमच्याकडे तीनच्या उन्हात अंधार कुठून आणणार? मेलेल्याला पडदा पडेपर्यंत पडून राहावं लागतं. समोर चारशे माणसं, आणि त्यातली निम्मी त्याची नातेवाईक. बशीर सर म्हणायचे, "कऱ्हाळे सर, एक बार तरी आपला मुर्दा पडदा पडेस्तोवर मुर्दा राहिला पाहिजे. बस. मग मी रिटायर व्हायला मोकळा."

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? पंधरा वर्षांत आम्हाला ते जमलं नाही.

पहिला मुर्दा मारोती राठोड. नववीत होता, तांड्यावरून यायचा. राजासाठी जीव देणाऱ्या शिलेदाराचं काम. त्याच्या आईचं काम आठवीतल्या शोभाकडे होतं. तिला मी महिनाभर रडायला शिकवलं होतं आणि ती फार छान शिकली होती. मारोती पडला, शोभानं त्याच्या छातीवर डोकं ठेवलं आणि टाहो फोडला. तेवढ्यात प्रेक्षकांतून मारोतीची आजी उठली. गोमलीबाई तिचं नाव. हातभर बांगड्या वाजवत ती लोकांतून वाट काढत आली, कट्टा चढली, शोभाच्या गळ्यात हात टाकून बसली आणि हेल काढून रडायला लागली. तिच्यामागोमाग तांड्यावरच्या सात-आठ बाया आल्या. मग गावातल्या आल्या. शेवटी शोभाची खरी आईही वर आली. मारोतीनं एक डोळा उघडला आणि तो ओरडला, "आजे, म्या हाय ना जित्ता!"

रडणं न थांबवता आजीनं त्याचं डोकं खाली दाबलं. "पडून ऱ्हाय तू."

मी चष्मा काढला. पडदा पडला तेव्हा मुर्दा उठून बसला होता आणि आजीला पाणी पाजत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सायकलवर तांड्यावर गेलो. नाटक म्हणजे काय आणि खरं म्हणजे काय, हा फरक तिला समजावून सांगावा असा माझा बेत होता. मी सुरुवात केली तशी ती म्हणाली, "मला काय येडी समजून राहिले का सर? नाटक हाय ते म्हाईत व्हतं मला. मारोत्या सकाळी चार भाकरी खाऊन गेला व्हता."

"मग वर काहून आलात?" बशीर सरांनी विचारलं.

"ती पोरगी एकलीच रडून राहिली व्हती ना. एकल्या मानसाला रडू देतेत का कुठं? तिच्या बाजूला बसाया कुनी न्हाई. तुमी लिहिलंच न्हाई."

परत येताना बशीर सर म्हणाले, "बराबर बोलली. चूक स्क्रिप्टमध्ये हाय."

म्हणून पुढच्या वेळी रडणारं कुणी ठेवलंच नाही. शिपाई धारातीर्थी पडतो, त्याचे सोबती वंदन करून पुढे जातात, पडदा. मुर्दा होता पांडुरंग. अभ्यासात हुशार, पण वर्गात सगळ्यांत बुटका, आणि याचं त्याला फार दुःख. तो पडला तो अगदी नमुनेदार पडला. सोबत्यांनी वंदन केलं. मी चष्म्याला हात लावला, तेवढ्यात एक सोबती घाईत त्याला ओलांडून गेला. आता निजलेल्या माणसाला ओलांडलं की त्याची उंची खुंटते, हे आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत असतं. त्यावर इलाज एकच, ओलांडणाऱ्यानं आल्या वाटेनं परत ओलांडायचं. मुर्द्यानं हात लांबवून सोबत्याचा पाय धरला.

"उलटा ये बे!"

"सोड ना, नाटक चालू हाय."

"तुह्या नाटकाच्या! माझी उंची ऱ्हाती. उलटा ये म्हन्तो ना."

हे संभाषण नेमकं माइकखाली झालं. सोबती परत ओलांडून आला, मग तिसऱ्याच दिशेनं वळसा घालून गेला. मुर्दा समाधानानं पुन्हा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतले सरपंच म्हणाले, "आता कसं!"

तिसऱ्या वेळी बशीर सरांनी जाहीर केलं की माणसावर आता विश्वास ठेवायचा नाही. त्यांनी कडब्याचा मुर्दा केला. डोक्याला मडकं, मडक्यावर असा चेहरा रंगवला की बघून मुली घाबरल्या. अंगात सदरा, धोतर, वर शेला. राजा त्याच्यापाशी उभा राहून लांबलचक भाषण करतो असा प्रसंग मी लिहिला, कारण हा मुर्दा कितीही वेळ टिकणार होता. भाषण अर्ध्यावर आलं असेल, कट्ट्याच्या मागच्या बाजूनं कुणाचं तरी वासरू वर आलं आणि त्यानं धोतरातून बाहेर आलेला कडबा खायला सुरुवात केली. राजा झालेला मुलगा गुणी होता. त्याला पाठांतराबाहेर जायचं नाही असं मीच बजावलेलं. "तुझं बलिदान वाया जाणार नाही," तो आभाळाकडे बघून म्हणाला. वासरानं डावा पाय संपवला. मी चष्मा काढला. पण बशीर सर विंगेतल्या खुर्चीत पोट धरून हसत होते, त्यांना दोरीपर्यंत जाता येईना. तोवर उजवा पायही गेला.

त्यानंतर मुख्याध्यापकांनी नोटीस काढली. 'यापुढे शालेय नाटकात कोणतेही पात्र मयत होणार नाही.' खाली सही, शिक्का. बशीर सरांनी ती चौकट करून चित्रकलेच्या खोलीत लावली.

आता इतिहास म्हटला की मरण आलंच. ते टाळून नाटकं लिहिणं ही एक वेगळीच विद्या आहे, आणि नम्रपणे सांगतो, ती मला साधली. माझ्या नाटकांत जखमी लोक बरे होत. विष घेणाऱ्यांच्या हातून पेला सांडे. एका नाटकात शत्रूचा सरदार संपवल्याशिवाय गोष्ट पुढे सरकेना, तेव्हा मी दूताकडून निरोप आणवला, "महाराज, सरदारांची बदली झाली." ते नाटक आम्ही हिंगोलीला स्पर्धेत नेलं. परीक्षक शहरातून आलेले. त्यांनी मला बोलावून विचारलं, "सर, त्या काळात बदली?"

बशीर सर पुढे झाले. "साहेब, तुमची कधी दुर्गम शाळेवर झाली का?"

"नाही."

"मग तुमाला काय समजणार. सरदार मेला अस्ता तं बरं झालं अस्तं."

परीक्षक जे हसले ते हसलेच. बक्षीस मिळालं नाही. अभिप्रायात मात्र 'उच्चार शुद्ध' असं लिहून आलं. मी तो कागद जपून ठेवला होता. येताना एसटीत बशीर सर म्हणाले होते, "उच्चार शुद्ध हायेत सर, पण पोरं घाबरल्यागत बोलतेत. रडताना कुनी शुद्ध रडतं का?" मला ते लागलं होतं. तरी पुढेही मी उच्चार घासत राहिलो. आज वाटतं, त्या मुलांची निम्मी नाटकं मीच घासून पुसून टाकली.

मग बशीर सरांचं शेवटचं वर्ष आलं. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्यांनी मुख्याध्यापकांकडे जाऊन नोटीस एका वर्षापुरती उठवून आणली. कशी, ते मला कळलं नाही. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "परवानगी भेटली. एक मुर्दा मंजूर."

मी लिहायला बसलो. धरणावरचा एक म्हातारा पहारेकरी, जन्मभर दरवाज्यांची चाकं फिरवणारा. शेवटच्या प्रवेशात तो मरतो आणि त्याची मुलगी त्याच्याजवळ बसून रडते. एकटीच. मला ती एकटीच हवी होती. पहारेकरी दहावीतला गजानन, मुलगी सुनीता. तालमी वर्गात सुरू झाल्या. तालमीत पडदा मी तोंडानंच पाडायचो. "पडदा," म्हटलं की गजानन उठून पँट झटकायचा. खरा पडदा बशीर सरांनी दरवर्षीप्रमाणे महिनाभर आधीच कट्ट्यावर चढवून, गुंडाळून, दोरी बांधून ठेवला होता. सामानाच्या खोलीत राहिला तर त्याला उंदीर कुरतडायचे.

आणि मग तो मंगळवार.

मी कब्रस्तानात गेलो. तीन मुठी माती दिली. तिथं मोठ्यानं कुणी रडलं नाही, मीही नाही. घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, थोडं मोकळं व्हा." मला ते कसं करतात ते सुचेना. मी वह्या तपासत बसलो.

मुख्याध्यापक म्हणाले, या वर्षी नाटक नको. गजानन आणि सुनीता माझ्यासमोर उभे राहिले. गजानन म्हणाला, "सर, बशीर सरानं मला सांगितलं व्हतं, माशी बसली तरी हलायचं न्हाई. म्या रोज घरी सराव करून राहिलो. आई म्हन्ती, उठ रे बाबा, बघवत न्हाई." नाटक करायचं ठरलं.

मी पुन्हा तांड्यावर गेलो. या वेळी एकटा. गोमलीबाई आता पुष्कळ थकली होती, पण गॅदरिंग चुकवत नव्हती. मी सांगितलं, "आजी, या साली पोरगी एकटीच रडणार आहे. मुद्दामच. तुम्ही वर यायचं नाही. बशीर सरांची इच्छा होती."

"ते रंगवाले सर?"

"हो."

"पडदा पडेस्तोवर न्हाई रडनार," ती म्हणाली. "बायांलाबी सांगते. पन पडदा लवकर पाडा. पोरगी लई येळ एकली ठेवू नका."

तो दिवस आला. आधी नाचगाणी झाली. त्यांना आमच्याकडे पडदा लागत नाही. मग नाटक. गजानन माइकखाली आला, आभाळाकडे बघून शेवटचं वाक्य बोलला, परत जागेवर गेला आणि मेला. सुनीता त्याच्यापाशी बसली. माझ्या संहितेत होतं, 'बाबा, उठा ना.' ती माइकखाली आलीच नाही. तिथंच बसून म्हणाली, "बा, ऊठ की रे." मैदानात शेवटपर्यंत ऐकू गेलं.

कुणी हललं नाही. गजाननच्या नाकावर माशी बसली. तो हलला नाही. पुढच्या रांगेत गोमलीबाई तोंडात पदर धरून बसली होती, तिच्या शेजारच्या बायांनीही पदर धरले होते. मी विंगेत उभा होतो. इतकं बरोबर आमच्या हातून कधीच काही झालं नव्हतं. मी चष्मा काढला.

काही झालं नाही.

मी चष्मा घातला आणि पुन्हा काढला. मला वाटलं, बशीर सर हसताहेत की काय परत. आणि मी मान वळवून कडुनिंबाकडे पाहिलं.

तिथं कुणी नव्हतं. तेवीस दिवस मी प्रत्येक गोष्टीला माणूस नेमला होता. मिशांना, तलवारींना, माइकला, प्यायच्या पाण्याला. दोरीला नेमला नव्हता. दोरीला माणूस लागतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी झाडाकडे गेलो. गाठीला दोन टोकं होती. कुठलं ओढायचं ते मी पंधरा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं, कारण त्या वेळी माझ्या डोळ्यांवर चष्मा नसायचा. मी एक ओढलं. गाठ आवळली. दुसरं ओढलं, ती आणखी आवळली. कट्ट्यावर सुनीता रडत होती, आता तिला शिकवलेलं रडणं संपलं होतं आणि ती स्वतःचं रडत होती. मैदानातून गोमलीबाईचा आवाज आला, "सर, पाडा की पडदा. किती येळ दाबून धरू?"

मी खोडाला धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "आजी, गाठ सुटत नाही." मोठ्यानं म्हणायला गेलो, पण आवाज फुटला आणि मग थांबला नाही.

ती उठली. कट्टा चढली. सुनीताजवळ बसेल असं सगळ्यांना वाटलं. ती सुनीताच्या डोक्यावरून हात फिरवून पुढे आली, विंग ओलांडून झाडापाशी आली, मला हाताला धरून खाली बसवून माझ्याशेजारी बसली. "एकल्यानं न्हाई रडू सर," ती म्हणाली आणि तिनं हेल काढला. मग बाया आल्या. आमची विंग म्हणजे चार बांबूंवर ताणलेली ताडपत्री, ती पंधरा बायांच्या धक्क्यानं आडवी झाली, आणि चारशे माणसांना एका बाजूला मेलेला पहारेकरी आणि दुसऱ्या बाजूला बायांच्या घोळक्यात मांडी घालून रडणारे मराठीचे सर असं दृश्य दिसलं. मुख्याध्यापकांना तो नाटकाचाच भाग वाटला. त्यांनी माइक घेऊन दिग्दर्शनाचं कौतुक केलं, आभार मानले आणि राष्ट्रगीत सुरू करायला सांगितलं.

राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले. मीही राहिलो. गजानन पडूनच होता.

मैदान रिकामं होत आलं तेव्हा मी त्याच्याजवळ गेलो. त्याचे डोळे मिटलेले होते. म्हटलं, "अरे, राष्ट्रगीताला तरी उठायचं."

ओठ न हलवता तो म्हणाला, "सर, पडदा पडला न्हाई ना अजून."

शिपायानं कोयता आणून दोरी कापली. पडदा पडला. मग गजानन उठला आणि त्यानं पँट झटकली.

पुढच्या वर्षीपासून मी नाटक बसवलं नाही. पडदा शाळेतच राहिला, उंदरांनी वाडा आधी खाल्ला आणि मग धरण. दोरीचा खोडाकडचा तुकडा मी घरी आणला. तो माझ्या कपाटात आहे. गाठ सुटलेली नाही.